दलित विद्यार्थ्याची खोली

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास आपण शाळा, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा यांच्या अंगाने लिहीत आलो आहोत. कोणती शाळा कोणत्या साली निघाली, कोणता ठराव कधी झाला, पहिला पदवीधर कोण, हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. या इतिहासात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. वर्ग सुटल्यावर हा विद्यार्थी जात कुठे होता? तो रात्री दिवा कुठे लावत होता, पुस्तके कुठे ठेवत होता, दोन घास कुणाच्या ताटात खात होता? खेड्यातून शहरात शिकायला आलेली किती मुले अभ्यासात कमी पडून परत गेली आणि किती मुले पाठ टेकायला जागा न मिळाल्यामुळे परत गेली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. शहर जात विसरायला लावते असा एक लाडका समज आहे. गिरणीत, लोकलमध्ये, वर्गात, कचेरीत तो काही अंशी खराही आहे, कारण तिथे माणूस गर्दीचा भाग असतो. परंतु भाड्याची खोली मागायला जो उभा राहतो तो एकटा असतो, आणि नेमक्या त्याच उंबरठ्यावर शहर त्याला गावातलाच प्रश्न विचारते. म्हणून शहरातली जात समजून घ्यायची तर वर्गाइतकेच खोलीकडेही पाहिले पाहिजे.

• • •

आरंभ बाबासाहेबांपासून करावा लागतो, कारण या प्रश्नाचे जवळजवळ सारे पैलू त्यांच्या एकट्याच्या विद्यार्थिदशेत सापडतात.

रामजी सुभेदार साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा कुटुंबाचे बिऱ्हाड परळ भागातल्या चाळीत एका खोलीत होते. तीच स्वयंपाकाची, तीच निजायची, तीच अभ्यासाची. धनंजय कीरांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हावे. दोघांना एकाच वेळी पाठ टेकण्याइतकी जागा नव्हती, म्हणून बापलेकांनी रात्र वाटून घेतली. दिवसा हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची आणि त्याची ओळख त्या बागेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसमारंभात केळुसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. ही आठवण आपण गौरवाने सांगतो, आणि सांगावीच. पण मुलगा बागेत का बसत होता, हेही तिच्यासोबत सांगितले पाहिजे. ज्याला खोली असते तो परीक्षेचा अभ्यास करायला बागेत जात नाही.

१९१३ साली हाच तरुण न्यूयॉर्कला पोचला. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात तो पहिले काही दिवस राहिला. तिथले जेवण मानवेना म्हणून जवळच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेला, तिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राच्या सोबतीने राहिला. खोली बदलण्याचे कारण जेवण होते, सोय होती, मैत्री होती. जगातला कोणताही विद्यार्थी ज्या कारणांनी खोली बदलतो त्याच कारणांनी त्याने ती बदलली. हे स्वातंत्र्य त्याच्या आयुष्यात नवीन होते.

१९१७ च्या सप्टेंबरात बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला तो आला तेव्हा जगातल्या मोठ्या विद्यापीठाचे शिक्षण पाठीशी होते, आणि बडोद्यात राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळीत जाता येईना. पारशी सराईत पारशी नसलेल्याला मज्जाव. शेवटी राखणदाराशी तडजोड होऊन वहीत खोटे पारशी नाव लिहिले गेले आणि वरच्या मजल्यावर, अडगळीच्या अंधाऱ्या दालनात एक खोली मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर लाठीधारी पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांच्याही घरी आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. चर्नी रोडची बाग आणि बडोद्याची बाग यांच्यामध्ये दहा वर्षे, एक बी. ए., एक एम. ए. आणि दोन समुद्रप्रवास आहेत. विद्या वाढली, पण बसायची जागा बागच राहिली.

यावरून परदेश म्हणजे समतेचा स्वर्ग असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. त्याच कोलंबिया विद्यापीठात १९२४ साली फ्रेडरिक वेल्स नावाचा कृष्णवर्णी कायद्याचा विद्यार्थी फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात राहायला आला, तेव्हा गोऱ्या विद्यार्थ्यांतून त्याला काढण्याची मागणी झाली आणि विद्यापीठाच्या आवारात क्रूस पेटवला गेला. वेल्स हटला नाही, ही त्याची बहादुरी. पण त्या आगीचा अर्थ आपण ओळखला पाहिजे. न्यूयॉर्कला भीमराव आंबेडकरांची जात वाचता येत नव्हती म्हणून त्यांना खोली मिळाली. वेल्सचा रंग वाचता येत होता. शहर सहिष्णू होते असे नव्हे. आपल्या माणसाचा कलंक त्या शहराच्या भाषेत लिहिलेला नव्हता, एवढेच. दलित आणि निग्रो यांच्या दुःखाची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. वसतिगृहाच्या दारात ती जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते.

• • •

आता मुंबईकडे वळू. मुंबई सर्वांची, अठरापगड जातींची आणि नाना धर्मांची नगरी, हे वर्णन खोटे नाही. पण हे सर्व लोक राहत कसे होते? १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या २०७ चाळी उभ्या केल्या. याच बी. आय. टी. आणि बी. डी. डी. चाळींतून आपली वस्ती रुजली. खाजगी मालक जिथे दार लावी तिथे सरकारी चाळ उपयोगी पडली. त्याच काळात वरच्या जातींनी आपापली सोय वेगळी केली. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. त्याच साली जैन विद्यार्थ्यांसाठी महावीर जैन विद्यालयाचे वसतिगृह सुरू झाले. दादरला पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली. प्रत्येक समाजाने शहरात आपल्या मुलासाठी एक दार आधीच उघडून ठेवले होते. कच्छ, काठेवाड, कोकण किंवा कारवार इथून आलेला मुलगा स्टेशनवर उतरला की कोणत्या दारावर थाप मारायची हे त्याला ठाऊक असे.

बहुरंगी शहर म्हणजे अशा अनेक दारांची रांग. आपल्या मुलाने ही रांग शेवटपर्यंत चालून पाहिली, तेव्हा त्याच्यासाठी उरले ते नात्यातल्या माणसाचे दार. मामा, मावशी, गाववाला. आधीच सात-आठ माणसे असलेल्या खोलीत नववा माणूस. या आसऱ्याचे ऋण फार मोठे आहे. गिरणीत, गोदीत, पालिकेच्या सफाई खात्यात राबणाऱ्या माणसांनी आपल्या जागेतली हातभर जागा पुस्तकवाल्या पोराला दिली नसती तर आपल्या दोन पिढ्या शिकल्याच नसत्या. त्यांची नावे कोणत्याही देणगीफलकावर नाहीत. तरीही आसरा तो आसराच. तिथे विद्यार्थी पाहुणा असतो. पाहुण्याने दिवा उशिरापर्यंत ठेवू नये, पहाटे नळावर आधी जाऊ नये, कारभारणीने सांगितलेले काम टाळू नये. मुलींच्या बाबतीत तर हा आसरा शिकण्याचा परवाना आणि बेडी एकाच वेळी होता. मावशीच्या घरात राहणाऱ्या भाच्याला निदान चाळीच्या व्हरांड्यात वळकटी टाकता येई. भाचीला तेही नाही. तिने वह्या बाजूला ठेवून आधी भाकरी थापायची, मग जागा उरली तर वाचायचे.

• • •

या कोंडीवर आपल्या चळवळीने शोधलेले उत्तर म्हणजे वसतिगृह. ते आकस्मिक नव्हते, त्यामागे विचार होता.

राजर्षी शाहू महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून १८९६ साली कोल्हापुरात एक वसतिगृह काढले होते. थोड्याच काळात त्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांचे वर्चस्व झाले. तेव्हा १९०१ पासून महाराजांनी जातवार वसतिगृहे उभारायला सुरुवात केली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहांनी जातीयता वाढली असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. आधी सर्वांचे म्हणून दार उघडले गेले होते. ते एकाच जातीचे झाले म्हणून वेगळी दारे काढावी लागली.

१९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिल्या कामांतच सोलापूरचे वसतिगृह घेतले, ते १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले. सभा, ठराव, अर्ज ही कामे होतीच. पण बाबासाहेबांना ठाऊक होते की अर्ज मंजूर झाला तरी मुलगा कुठेतरी निजला पाहिजे. त्या वसतिगृहातल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलांना एकत्र छप्पर मिळताच त्यांनी लिहायला सुरुवात केली. १९२८ साली स्थापन झालेल्या दलित वर्ग शिक्षण संस्थेमार्फत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड इथे वसतिगृहे चालवली गेली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला मिलिंदची मुहूर्तमेढ. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. मिलिंदच्या नागसेनवनात वर्गाच्या जोडीला वसतिगृहे होती, कारण मराठवाड्यातल्या खेड्यातून येणाऱ्याला औरंगाबादेत कोणी ओळखीचे नव्हते.

दलित साहित्याचा उगम शोधणारे समीक्षक वाङ्मयीन प्रभावांची लांबलचक यादी देतात. त्या यादीत वसतिगृहाचे नाव मला दिसत नाही. नागसेनवनातल्या खोल्यांत रात्री जे वाचले गेले, ज्यावर भांडणे झाली, ते काढून टाकले तर मराठवाड्यातल्या दलित लेखनाचा पाया काय उरतो? मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार नुसते निजायचे ठिकाण नव्हते. १९७२ साली दलित पँथर जन्मली आणि तिच्या धामधुमीत हे वसतिगृह कार्यकर्त्यांचा अड्डा बनले. पत्रके तिथे लिहिली गेली, मोर्चे तिथे ठरले. मावशीच्या खोलीत राहणारा विद्यार्थी एकटा असतो आणि उपकृत असतो. वसतिगृहातला विद्यार्थी हक्काने राहतो आणि शेजारच्या खाटेवर त्याच्यासारखाच दुसरा असतो. स्वतःची म्हणून वाटणारी वेदना शेजाऱ्याचीही आहे हे एकदा कळले की तिची चळवळ व्हायला वेळ लागत नाही.

वसतिगृह म्हणजे शहरातला महारवाडाच नव्हे काय, असा प्रश्न आपल्यातलेच काही विचारतात. प्रश्न गैर नाही. पण महारवाडा दुसऱ्यांनी गावकुसाबाहेर ढकलून वसवला. वसतिगृह आपण शहराच्या आत शिरण्यासाठी उभारले. पहिल्यातून पिढ्यान् पिढ्या बाहेर पडता येत नव्हते. दुसऱ्यातून चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे असते.

• • •

ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि ज्याला शहरात मावशी नव्हती, त्याच्यापुढे तिसरा मार्ग उरत होता. जात चोरण्याचा. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायच्या जागेसाठी जात लपवतो. बागुल स्वतः सुरतेकडे रेल्वेत नोकरीला होते आणि खोलीपायी जात लपवण्याचा जाच त्यांनी सोसला होता. बडोद्याची सराई आणि ही कथा यांच्यात साडेचार दशकांचे अंतर आहे. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, घटना आली, अस्पृश्यता कायद्याने गेली. खोलीच्या दारात मात्र तेच खोटे नाव उभे होते.

हे मी पुस्तकातूनच सांगतो असे नाही. १९७० नंतरच्या वर्षांत मी मुंबईत शिकत होतो. दादर-माटुंग्याच्या बाजूला दोघा मित्रांसह खोली शोधत असताना एका वयस्क घरमालकांनी आम्हाला चहा दिला, अभ्यासक्रमाची चौकशी केली, भाडेही ठरवले. मग विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आमच्यातल्या एकाचे आडनाव गावावरून पडलेले. त्यावरून काही उमगेना, म्हणून पुढचा प्रश्न आला, "गाव कोणतं?" आणि मग, "गावात घर कुठल्या अंगाला?" या तिसऱ्या प्रश्नाला खोटे उत्तर देता आले असते. माझ्या मित्राने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत." गृहस्थ रागावले नाहीत. "वा, छान," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने खाली येऊन खोली पुतण्यासाठी ठेवल्याचे सांगितले. पुढे दोन महिने त्या खिडकीला कुलूप मी येता-जाता पाहत होतो.

सुशिक्षित शहरी जातीयता अशी असते. ती लाठी घेऊन जिना चढत नाही, चहा पाजते. आज तोच प्रश्न दलालाच्या तोंडून "व्हेज की नॉनव्हेज?" असा येतो. प्रश्नाचा पोशाख बदलला. विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर तेच आहे.

• • •

कायदा काय म्हणतो? आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नाही की १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा ठरवला आहे. इंग्लंडमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा १९६५ साली झाला तेव्हा त्यात घरभाड्याचा विषय जवळजवळ नव्हताच. तो १९६८ च्या कायद्यात आला. अमेरिकेतला घरांविषयीचा न्याय्यतेचा कायदाही १९६८ चाच. म्हणजे कागदावर आपण या दोन देशांच्या तेरा वर्षे पुढे होतो. पण कायद्याला कारण लागते आणि घरमालक कारण कधी बोलून दाखवत नाही. तो "पुतण्या येणार आहे" म्हणतो. पुतण्यावर खटला भरता येत नाही.

वर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाने आपली वस्ती जपावी यामागची भावना मी समजू शकतो. पण तोच नियम बलवान जातींच्या हाती गेला की शहरात काय उरते, हे मुंबईच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सवर्ण हिंदूंना सहज मिळणारा होकार दलितांना मिळत नव्हता, मुसलमानांना त्याहूनही कमी मिळत होता. ज्यांना होकार मिळाला त्यांच्यापुढेही अटी होत्या. ही लढाई एकट्या दलितांची नाही, हेही या पाहणीतून शिकण्यासारखे आहे.

आता सरकारकडे पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले निवासासाठी २०,०००. महिन्याला १,६६६ रुपये होतात. एवढ्या भाड्यात मुंबईत खाटसुद्धा मिळणे कठीण. योजनेला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती नसती तर हजारोंचे शिक्षण थांबले असते. पण रोख रक्कम हातावर ठेवून वसतिगृह बांधण्याची जबाबदारी टळत नाही. पैसे घेऊन विद्यार्थी पुन्हा त्याच घरमालकाच्या दारात, त्याच तीन प्रश्नांसमोर जाऊन उभा राहतो. याच सुमारास, २०१५ साली, लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर राज्य सरकारने तीस लाखांहून अधिक पौंड मोजून विकत घेतले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून राहिले होते. ते घर घेतले याचा मला आनंद आहे. मात्र त्या घराचा अर्थ एका गरीब विद्यार्थ्याला परक्या शहरात मिळालेली स्वस्त खोली असा आहे. हा अर्थ ओळखणाऱ्या सरकारने त्याच हाताने मुंबईत वसतिगृहांचे मजले चढवायला हवे होते.

आणि वसतिगृहात जागा मिळाली म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढले गेले. २०१६ च्या जानेवारीत ते आवारातच उघड्यावर राहिले आणि त्या जागेला त्यांनी वेलिवाडा असे नाव दिले. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती. त्यांच्यातला रोहित वेमुला १७ जानेवारीला गेला. शिष्यवृत्ती, प्रवेश, गुणवत्ता सारे होते. खोलीची किल्ली काढून घेताच विद्यापीठाच्या मध्यभागी गावकूस उभे राहिले.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. शिक्षकांनी जूनमध्ये नवा विद्यार्थी वर्गात येताच त्याला गुण विचारण्याआधी तो कुठे उतरला आहे हे विचारावे. विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या मोर्चात वसतिगृहांच्या खाटांची संख्या, मुलींच्या खाटांची संख्या आणि रिकाम्या ठेवलेल्या जागा यांचा आकडा मागावा. खोली नाकारली गेली तर तारीख, पत्ता, विचारलेले प्रश्न यांची नोंद दोन साक्षीदारांसह करून ठेवावी. चौथे कलम नोंदीवाचून मुके आहे. आणि ज्यांच्यापाशी आज शहरात दोन खोल्यांचे घर आहे त्या आपल्या नोकरदार मंडळींनी आपल्यालाही कधी कोणी व्हरांड्यात वळकटी टाकू दिली होती हे आठवावे. ते ऋण फेडायचे तर एका विद्यार्थ्याला घरी ठेवून घेणे पुरेसे नाही. वर्गणी काढून, जमीन मागून, भांडून वसतिगृहे उभी करावी लागतील, कारण आसरा देणाऱ्याच्या मनावर असतो आणि वसतिगृहातली खाट हक्काची असते.